उंदरांचं खाणं आणि यकृताचा कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या ॲनिमल हाउसमध्ये माझी उभी नोकरी गेली. काम उंदरांच्या खाद्याचं. घटक मोजायचे, मिसळायचे, कुणी किती खाल्लं आणि किती सांडलं ते वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर दादर-माहीमकडच्या वाचनालयांत कुणी बोलावलं तर या विषयावर बोलतो. व्याख्यान संपलं की चहाच्या वेळी तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढले. मी डॉक्टर नाही, तेव्हा स्वतःचे रिपोर्ट मला दाखवू नका.

आहारामुळे उंदरांना यकृताचा कर्करोग होतो, हे खरं का?

बहुतेक प्रयोगांत नुसत्या आहाराने होत नाही. आधी एखादं विष दिलेलं असतं. त्याने पेशीच्या डीएनएत बिघाड होतो आणि मग महिनोन् महिने वेगवेगळं खाणं देऊन त्या बिघडलेल्या पेशींचं काय होतं ते बघतात. उदाहरणार्थ, माऊसचं, म्हणजे छोट्या जातीच्या उंदराचं, पिल्लू साधारण पंधरा दिवसांचं असताना डायएथिलनायट्रोसमीनचं एकच इंजेक्शन देतात आणि दूध सुटल्यावर अर्ध्या पिल्लांना चरबीयुक्त खाद्य, अर्ध्यांना साधं. आठ-नऊ महिन्यांनी यकृतावरच्या गाठी मोजायच्या.

म्हणजे अशा प्रयोगातला प्रश्न असतो, ‘बिघाड झालेल्या यकृताला कोणतं खाणं पुढे ढकलतं?’ वर्तमानपत्रात येताना तो ‘अमुक खाल्ल्याने कर्करोग’ असा होऊन येतो. नुसत्या आहारानेही कर्करोग झाल्याची उदाहरणं आहेत. कोलीन या पोषकद्रव्याची गोष्ट पुढे येईलच.

उंदरांचं खाद्य म्हणजे काय असतं?

दोन प्रकार. पहिलं धान्याचं: गहू, मका, सोयाबीनची पेंड, मासळीची पूड वगैरे दळून केलेल्या कांड्या, ज्यांना आम्ही पेलेट म्हणतो. स्वस्त, आणि उंदीर आवडीने खातात. पण प्रत्येक पोत्यात थोडा फरक असतोच. दुसरं शुद्ध घटकांचं: केसीन हे दुधातलं प्रथिन, स्टार्च, साखर, तेल, सेल्युलोज, क्षार आणि जीवनसत्त्वं, सगळं तोलून मिसळलेलं. १९९३ साली ठरलेल्या एआयएन-९३ या सूत्रात वाढत्या वयाच्या जनावरांसाठी २० टक्के केसीन असतं, प्रौढांसाठी १४ टक्के.

आता यातली मेख. खाद्याची बेरीज शंभरच असते. प्रथिन २० वरून ५ टक्क्यांवर आणलं की उरलेल्या १५ टक्क्यांत काहीतरी भरावं लागतं. सहसा स्टार्च किंवा साखर. म्हणजे ‘कमी प्रथिन’ गट हा आपोआप ‘जास्त पिष्ट’ गट झाला. चरबी वाढवली तर घासागणिक उष्मांक वाढतात, मग उंदीर खातो कमी, आणि त्याबरोबर जीवनसत्त्वंही कमी पोटात जातात. एकच गोष्ट बदलणारा आहार-प्रयोग मी तरी पाहिलेला नाही. कुणी आहाराचा निष्कर्ष सांगितला की मी पहिल्यांदा विचारतो, काढलं त्याच्या जागी काय घातलं?

आणखी एक लबाडी चालते. हेतुपुरस्सर नाही, पण चालते. चरबीचं खाद्य शुद्ध घटकांचं आणि तुलनेचा गट मात्र धान्याच्या पेलेटवर. मग फरक चरबीचा, की पेलेटमधल्या तंतूंचा आणि सोयाबीनचा? कळायला मार्ग नाही.

रॅट आणि माऊस वेगळे का धरतात? आपल्याला तर दोन्ही उंदीरच.

रॅट मोठ्या जातीचा उंदीर, माऊस छोट्या जातीचा. यकृताच्या बाबतीत दोघं फार वेगळे. अफ्लाटॉक्सिन नावाच्या बुरशीच्या विषाने रॅटला यकृताचा कर्करोग सहज होतो, प्रौढ माऊसला बहुधा होत नाही. माऊसच्या यकृतात ग्लुटाथायोन जोडणारं एक विकर (एन्झाइम) फार जोमदार असतं. विषाचं घातक रूप तयार झालं की लगेच ते बांधून बाहेर काढतं. वंशाचाही फरक पडतो. सी३एच वंशाच्या माऊस नरांना म्हातारपणी काहीही न देता यकृतात गाठी येतात, सी५७ब्लॅक वंशात क्वचित. नरांना मादींपेक्षा जास्त, हे मात्र जवळपास सगळीकडे, आणि माणसातही तसंच.

अफ्लाटॉक्सिनचा शोध कसा लागला?

टर्की कोंबड्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की अचानक मेल्या. रोग कळेना, म्हणून नाव पडलं ‘टर्की एक्स’. शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर आलं. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी वाढली होती, तिच्या नावावरूनच विषाचं नाव पडलं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात गाठी सापडत होत्या. तिथे दोष सरकीच्या पेंडीचा निघाला. पुढे ओरेगनमधल्या संशोधकांना दिसलं की सरकीच्या तेलातली काही विशिष्ट मेदाम्लं अफ्लाटॉक्सिनच्या जोडीला आली तर माशांमध्ये गाठींचं प्रमाण आणखी वाढतं. विष आणि त्याचा साथीदार एकाच पोत्यातून आले होते म्हणायचे.

आपल्याकडेही हे झालंय. १९७४ च्या पावसात गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या लगतच्या आदिवासी पट्ट्यात मका भिजला, बुरशी लागली आणि तोच खाल्ला गेला. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. तो कर्करोग नव्हता, यकृत एकाएकी निकामी झालं होतं. आधी गावातली कुत्री मेली आणि मग माणसं, असंही त्या नोंदींत आहे.

प्रथिनं जास्त दिली तर कर्करोग, कमी दिली तर नाही. असा प्रयोग भारतातच झाला होता ना?

झाला होता, आणि माझ्या व्याख्यानानंतरचा सगळ्यात लाडका प्रश्न हाच. त्यामुळे उत्तर लांबणार.

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, माधवन आणि गोपालन यांनी १९६८ मध्ये हे काम छापलं. रॅटना अफ्लाटॉक्सिन दिलं. एका गटाच्या खाद्यात ५ टक्के केसीन, दुसऱ्याच्या २० टक्के. वर्षभरानंतर २० टक्केवाल्यांच्या यकृतात गाठी भरपूर, ५ टक्केवाल्यांत नाहीत. खरं तर कुपोषित यकृताला विष जास्त बाधेल असा सगळ्यांचा अंदाज होता. निकाल उलटा लागला.

ही बातमी कॉलिन कॅम्पबेल या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली. ते फिलिपाइन्समध्ये कुपोषित मुलांच्या कार्यक्रमात काम करत होते आणि तिथल्या पीनट बटरमधल्या अफ्लाटॉक्सिनचा मागही काढत होते. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. प्रथिन कमी असलं की यकृतातली विकरं मंदावतात, अफ्लाटॉक्सिनचं घातक रूप कमी बनतं आणि डीएनएला कमी चिकटतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं. विष देऊन झाल्यावरही प्रथिन वाढवलं की पूर्व-कर्करोगी पेशींचे पुंजके वाढत, उतरवलं की मागे सरत. साधारण १० टक्के प्रथिनापर्यंत पुंजक्यांची फारशी वाढ होत नाही, त्यापुढे झपाट्याने होते. रॅटच्या नीट वाढीला जेवढं प्रथिन लागतं, त्याच्या आसपासच ही रेघ पडते.

आता जी बाजू फॉरवर्डमध्ये येत नाही ती. हैदराबादच्याच प्रयोगांत कमी प्रथिनवाले रॅट विषाने जास्त लवकर मेले. त्यांच्या यकृताची तात्काळ हानी जास्त झाली. जे जगले त्यांच्यात गाठी नव्हत्या हे खरं, पण गाठ यायला जगावं लागतं! आणि जगले त्यांची वाढ खुंटलेली. ज्या आहाराने शरीरच वाढत नाही त्याने गाठही वाढत नाही, यात मला फार नवल वाटत नाही.

पुढे १९८९ साली दिल्लीच्या एम्समधून ऱ्हीसस माकडांवरचं काम आलं. तिथे विष थोडंथोडं, दीर्घकाळ दिलं. शेतकरी कुटुंबाच्या पोटात जातं तसं. कर्करोगाआधीचे बदल दिसले ते कमी प्रथिनवाल्या माकडांत, पुरेसं प्रथिन मिळणाऱ्यांत नाही. उलटा निकाल. डोस मोठा आणि थोडे दिवस, की लहान आणि खूप दिवस, यावर चित्र फिरतं. माणसाच्या जवळचा प्रयोग कोणता, तर माझं मत माकडांच्या बाजूने. मात्र माकडं थोडी होती, हेही सांगायला हवं.

म्हणजे दूध-पनीर वाईट आणि डाळी चांगल्या, असं का म्हणतात?

कारण कॉर्नेलमध्ये केसीनच्या जागी गव्हातलं ग्लुटेन २० टक्के दिलं, तेव्हा पुंजके वाढले नाहीत. यावरून ‘प्राणिज प्रथिन घातक, वनस्पतिज सुरक्षित’ ही घोषणा निघाली. पण त्याच गटाच्या १९८९ च्या प्रयोगात पुढची पायरीही आहे. ग्लुटेनमध्ये लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. ते वरून घातलं, आणि ग्लुटेनही केसीनसारखंच वागू लागलं. यकृताला प्रथिन गायीचं की गव्हाचं हे कळत नव्हतं. प्रथिन पूर्ण आहे की अपुरं, एवढंच कळत होतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. भातात लायसिन कमी, डाळीत भरपूर. वरण-भात एकत्र कालवला की प्रथिन पूर्ण होतं. आपल्या आज्यांनी लायसिनचं नावही न ऐकता ते जमवलं होतं. मग त्या प्रयोगाच्या हिशेबाने वरण-भातही केसीनच्याच रांगेत बसायला हवा. तसं कुणी म्हणत नाही, कारण ते ऐकायला बरं वाटत नाही.

केसीन कधी यकृत वाचवतं का?

हो, आणि हा माझा आवडता किस्सा. १९३० च्या दशकात जपानमध्ये ‘बटर यलो’ नावाच्या रंगाने रॅटना यकृताचा कर्करोग होतो हे दिसलं. कृत्रिम लोण्याला पिवळेपणा आणायला हा रंग वापरत. जपानी प्रयोगशाळांत रॅटचं खाद्य म्हणजे मुख्यतः भात, त्यावर गाजर. गाठी हमखास यायच्या. पण तोच रंग चांगल्या सकस खाद्यावरच्या रॅटना दिला की गाठी कमी येत किंवा येत नसत. भातात काय कमी आहे याचा शोध सुरू झाला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने दाखवलं की केसीन आणि रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी२, एकत्र दिलं तर बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. यकृतातलं जे विकर या रंगाचे तुकडे करून तो निकामी करतं, त्याला बी२ लागतं.

तर एका विषासमोर केसीन खलनायक, दुसऱ्यासमोर पहारेकरी. अफ्लाटॉक्सिनला यकृतातली विकरं घातक करतात, बटर यलोला निकामी करतात. विकरं सशक्त करणारा आहार पहिल्यात मारक, दुसऱ्यात तारक. विषाचं नाव न सांगता ‘प्रथिनाने लिव्हर कॅन्सर’ म्हणणं म्हणजे गाडी कुठे जाते ते न बघता लोकलमध्ये चढणं. दादरला उतरायचं असतं आणि पोचतो विरारला.

विष न देता, नुसत्या आहाराने कर्करोग झाला असं एक तरी उदाहरण?

कोलीन. १९४६ साली अमेरिकेतल्या अलाबामात कोपलँड आणि सॅमन यांनी कोलीन नसलेल्या खाद्यावर रॅट दीर्घकाळ ठेवले. यकृतात चरबी साचली, मग जून झालेला व्रण, मग गाठी. केवळ एका पोषकद्रव्याच्या कमतरतेने कर्करोग, म्हणून मोठी खळबळ.

नंतर टर्की मेल्या, अफ्लाटॉक्सिन माहीत झालं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की अलाबामाच्या त्या खाद्यात प्रथिनासाठी भुईमुगाची पेंड होती. झालं! ज्या पेंडीने टर्की मारल्या तीच. सॅमन स्वतःही पुन्हा त्या पेंडीकडे वळले आणि १९६३ मध्ये तिच्यामुळे रॅटना गाठी होतात हे त्यांच्याच गटाने नोंदवलं. वीस वर्षांचा सिद्धान्त डळमळला.

तो पुन्हा उभा राहिला १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये टोरांटोत घोषाल आणि फार्बर यांनी शुद्ध घटकांच्या, अफ्लाटॉक्सिनमुक्त खाद्यावर रॅट ठेवले, कोलीन काढलं आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी केलं. तरीही यकृताचा कर्करोग झाला. म्हणजे मूळ निष्कर्ष बरोबर होता, पण बरोबर असल्याचा पुरावा मात्र चुकीचा. असं शास्त्रात होतं. कोलीनअभावी यकृताला चरबी बाहेर पाठवता येत नाही, पेशी मरतात, नव्या घाईने बनतात, आणि त्या घाईत चुका होतात.

माझ्या नोकरीत एका पावसाळ्यात खाद्याच्या पोत्यांना बुरस आला होता. पोती भिंतीला टेकवून ठेवली होती एवढीच चूक. आम्ही सगळी फेकली, प्रयोग सहा आठवडे मागे गेला, आणि साहेबांनी मला फैलावर घेतलं. अलाबामाची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगू शकलो नाही. सांगायला हवी होती.

माणसात इतकी टोकाची कोलीन-कमतरता सहसा दिसत नाही. शिरेतून दीर्घकाळ पोषण दिलेल्या रुग्णांत यकृतात चरबी साठते आणि कोलीन दिल्यावर कमी होते, हे मात्र पाहिलं गेलं आहे. अंडी, सोयाबीन आणि शेंगदाण्यातही कोलीन असतं.

चरबीयुक्त आहाराचं काय? रोज वडापाव खाल्ला तर?

वडापावचा प्रयोग अजून कुणी केलेला नाही. उंदरांना जे ‘हाय फॅट’ खाद्य देतात, त्यातल्या सगळ्यात प्रचलित प्रकारात ६० टक्के उष्मांक चरबीतून येतात आणि ती चरबी मुख्यतः डुकराची. असं जेवण मुंबईत कुणी जेवत नाही, रोज खाऊगल्लीत जेवलात तरी.

पण निकाल दखल घेण्यासारखे आहेत. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने, वर सांगितलं तसं, पिल्लांना एक इंजेक्शन देऊन पुढे चरबीचं खाद्य दिलं. लठ्ठ झालेल्या माऊसमध्ये गाठी जास्त आणि मोठ्या. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ या दाहाच्या निरोप्यांपैकी एकाचा जरी मार्ग जनुकीय बदलाने बंद केला, तरी चरबीचा हा जास्तीचा परिणाम नाहीसा व्हायचा. म्हणजे चरबी थेट गाठ करत नव्हती. सुजलेलं, सतत दुखावलेलं यकृत करत होतं. २०१३ मध्ये जपानमधून आणखी एक धागा आला. लठ्ठ माऊसच्या आतड्यात विशिष्ट जिवाणू वाढतात, ते पित्ताम्लापासून डीऑक्सिकोलिक आम्ल बनवतात, ते यकृतात जाऊन तिथल्या पेशी म्हाताऱ्या करतं आणि त्या म्हाताऱ्या पेशी शेजारच्यांना चिथावतात. आतड्यावरचं प्रतिजैविक दिल्यावर गाठी घटल्या.

हाँगकाँगच्या गटाने २०२१ मध्ये चरबीबरोबर कोलेस्टेरॉलही दिलं. चौदा महिन्यांत माऊसमध्ये चरबीचं यकृत, मग सूज, मग व्रण, मग कर्करोग, आणि तेही कुठलंही रासायनिक विष न देता. माणसाच्या फॅटी लिव्हरच्या प्रवासाशी जुळणारा हा क्रम आहे, म्हणून मला यातलं हे सगळ्यात विचार करायला लावणारं काम वाटतं.

साखर?

जास्त फ्रुक्टोजने उंदरांच्या यकृतात चरबी वाढते, यात वाद नाही. चरबीच्या खाद्याबरोबर पिण्याच्या पाण्यात साखर विरघळवून दिलेल्या प्रयोगांत कर्करोगही झाला आहे. पण तिथे साखरेचा वाटा किती आणि चरबीचा किती, हे वेगळं काढणं कठीण.

तंतू तरी निर्धोक ना? इसबगोल वगैरे?

बहुतेकदा. पण २०१८ साली ओहायोतल्या टोलेडोहून एक चकित करणारा निकाल आला. प्रतिकारशक्तीतला एक जनुक काढलेल्या माऊसना इन्युलिन हा विरघळणारा तंतू, चिकोरीच्या मुळात असतो तो, शुद्ध करून खाद्यात दिला. त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांना कावीळ झाली आणि पुढे यकृताचा कर्करोग. बाकीचे ठणठणीत. मग त्याच गटाने शोधलं की आजारी पडणाऱ्या माऊसना जन्मतः एक आडवाट रक्तवाहिनी होती. आतड्यातलं रक्त यकृतात न जाता बाजूने निघून जायचं, आणि रक्तातलं पित्ताम्ल आधीपासूनच वाढलेलं असायचं. तंतू हा निमित्त झाला.

यावरून इसबगोल बंद करू नका. तो वेगळा तंतू, आणि भाजी-भाकरीतले तंतू हे शुद्ध केलेल्या पुडीहून वेगळं प्रकरण आहे.

कमी खाल्लं तर? उपवासाने फायदा होतो का?

उष्मांक कमी केले की उंदरांमध्ये गाठी कमी होतात. हा या सगळ्या विषयातला सर्वांत टिकाऊ निकाल. शिकागोत टॅननबॉम यांनी १९४० च्या दशकात तो पुन्हा पुन्हा दाखवला, यकृताच्या आपोआप येणाऱ्या गाठींसकट. नंतर अमेरिकन सरकारच्या विषचाचण्यांतही तेच दिसलं. ज्या माऊसचं वजन जास्त त्यांना यकृताच्या गाठी जास्त, रसायन दिलेलं असो वा नसो. यामुळे एक गंमतशीर घोटाळा होतो. रसायन कडू असलं तर जनावरं कमी खातात, वजन घटतं, गाठी कमी होतात आणि कागदावर ते रसायन औषधच वाटू लागतं! म्हणून जोडीने खाऊ घालण्याची पद्धत आहे. एका गटाने आज जेवढं खाल्लं तेवढंच उद्या दुसऱ्याला तोलून द्यायचं. फार कटकटीचं काम, पण त्याशिवाय अर्थ नाही.

आपल्या उपवासाचा मात्र यात समावेश नाही. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. चतुर्थीला उष्मांक कमी होतात हा कुणाचाही समज असेल तर एकदा तोलून बघावं.

हळद आणि कोबीने संरक्षण मिळतं?

हळदीतलं कर्क्युमिन खाद्यात ०.२ टक्के घातल्यावर, इंजेक्शनने सुरू केलेल्या माऊसच्या यकृत-गाठी बऱ्याच घटल्या, असा २००० सालचा प्रयोग आहे. आता हिशेब करा. दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न धरलं तर ०.२ टक्के म्हणजे एक ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असतं. म्हणजे रोज वीस ते पन्नास ग्रॅम हळद. भाजीत आपण घालतो चिमूटभर. आणि गोळ्यांच्या वाटेला जाल तर, जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांनी काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोबीचं प्रकरण जास्त मजेशीर. कोबीवर्गातल्या भाज्यांपासून मिळणारं इंडोल-३-कार्बिनॉल ट्राउट माशांना अफ्लाटॉक्सिनच्या आधी दिलं तर गाठी घटल्या. तेच विषानंतर दीर्घकाळ दिलं तर वाढल्या. तोच मासा, तेच द्रव्य, फरक फक्त आधी की नंतर. अर्क आणि गोळ्या विकणारे यातला अर्धाच भाग सांगतात.

मग घरातले शेंगदाणे टाकून द्यायचे का?

नाही हो. चांगले दाणे उत्तम अन्न आहे. प्रश्न बुरशीचा आहे, आणि मुंबईची जून ते सप्टेंबरची हवा बुरशीला माहेरासारखी. किलो-दोन किलो कूट एकदम करून डब्यात ठेवण्यापेक्षा लागेल तसं करावं. कुजका, काळपट, सुरकुतलेला किंवा हिरवट-पिवळा बुरा आलेला दाणा वेगळा काढावा. अफ्लाटॉक्सिन सारखं पसरलेलं नसतं. पोतंभर दाण्यांत मूठभरच खराब असतात, आणि बहुतेक विष त्या मुठीतच. त्यामुळे निवडणं हा खरोखरचा उपाय आहे. भाजल्याने विष थोडं कमी होतं, संपत नाही. खवट वास म्हणजे तेल खराब झालं. तो अफ्लाटॉक्सिनचा वास नव्हे. अफ्लाटॉक्सिनला वास नाही.

तेल गाळताना बहुतेक विष पेंडीत राहतं आणि रिफाइंड करताना उरलंसुरलंही जातं. घाण्याच्या तेलात ही दुसरी पायरी नसते, तेव्हा दाणा चांगला वापरणारा घाणेवाला शोधा. पेंड जाते गाई-म्हशींना, आणि तिच्यातल्या विषाचा थोडा अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो. त्यासाठी भारतात दुधाला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ट्रेनमधल्या पुडीतले गरमागरम खारे दाणे? मी खातो. कडू लागला तो थुंकतो.

हे सगळं माणसाला कितपत लागू?

अफ्लाटॉक्सिन माणसातही कर्करोगकारक आहे, हे ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे खात्रीच्या यादीत टाकलं आहे. पण माणसात एक भिडू असा आहे जो साध्या प्रयोगातल्या रॅटकडे नसतो, हिपॅटायटिस बीचा विषाणू. शांघायमध्ये अठरा हजारांवर पुरुषांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. नुसतं अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना धोका तीनपट-साडेतीनपट. नुसता विषाणू, सातपट. दोन्ही एकत्र, जवळजवळ साठपट. बेरीज नव्हे, गुणाकाराहूनही जास्त.

म्हणून घरात कुणाला यकृताची काळजी वाटत असेल तर केसीनचे टक्के मोजण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लस, दारू, वजन आणि मधुमेह या गोष्टी बघायच्या. बाळाला ही लस जन्मल्याबरोबर सरकारी कार्यक्रमात मिळते.

मुंबईत असं संशोधन कुठे होतं? आणि प्राण्यांचे हाल?

परळला १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि माऊसवर स्तनाच्या कर्करोगाचं पायाभूत काम केलं. ती परंपरा आता टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात चालू आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते. किती जनावरं, का तेवढीच, वेदना कशी टाळणार, गाठ केवढी झाली की प्रयोग थांबवणार, हे आधी लिहून द्यावं लागतं. हाल होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पिंजरे धुताना रोज ते डोळ्यांसमोर असायचं.

तुम्ही स्वतः काय खाता?

सकाळी पोहे नाहीतर भाकरी, दुपारी वरण-भात, रात्री थोडं कमी. दोन कप बिनसाखरेची कॉफी. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी दिसतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांमधून पुढे आलं आहे, पण मी त्याआधीपासून पितो. पावसाळ्यात दाणे पाव किलोच आणतो. बायको ते ताटात पसरते आणि मी चश्मा लावून निवडतो. ती म्हणते, तीस वर्षं उंदरांसाठी केलंत, आता घरासाठी करा.